पांढऱ्या चहाचे सोवळे

पांढरा चहा म्हणजे 'काहीच न केलेला' चहा, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. पुडक्यावर तेच छापलेले असते, विकणारा तेच बोलतो आणि विकत घेणारा घरी येऊन घरच्यांना तेच ऐकवतो. पान खुडले, वाळवले, डब्यात भरले. ना भाजणे, ना वळणे, ना चुरणे. या एका विधानातून मग बाकीची विधाने आपसूक निघतात. काही केलेले नाही म्हणून तो सर्वांत शुद्ध. शुद्ध म्हणून सर्वांत गुणकारी. रंगाने फिका म्हणून त्यात कॅफिन नावापुरते. नुसत्या कळ्यांचा असेल तर उत्तम, पाने दिसली की दुय्यम. आणि शेवटचे, खिशाला सर्वांत जड पडणारे विधान असे की तो जुना होईल तसा औषधी होत जातो, तेव्हा घेऊन ठेवा, बिघडत नाही.

छत्रपती संभाजीनगर हे खरे तर आले ठेचून, दूध घालून, रटरटून उकळलेल्या कडक चहाचे शहर. पण इथेही मधुमेह, वजन किंवा न लागणारी झोप यांपैकी एखादी तक्रार घरात असली की कोणीतरी पांढऱ्या चहाचे नाव काढतो. पुडके येते, मोठ्या भक्तीने ओट्यावरच्या काचेच्या बरणीत रिकामे होते, आणि गणपती येईपर्यंत त्याला कुबट वास सुटतो. मग निष्कर्ष निघतो की हा चहाच फसवा. चहा फसवा नाही. त्याच्याविषयी सांगितले गेलेले शास्त्र कच्चे आहे. त्याचे खंडन करायचे, आणि त्या जागी काय मानावे हेही सांगायचे, एवढाच या लेखाचा उद्योग.

चहाच्या शुद्धाशुद्धतेचा वाद मराठी माणसाला नवा नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहापानावरून उठलेले ग्रामण्य प्रसिद्धच आहे. टिळक आणि रानडे यांच्यासारखी माणसे त्यात सापडली, गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. तेव्हा चहा हा विटाळाचा पुरावा होता. आता त्याचाच एक प्रकार सोवळ्याचा पुरावा होऊन आला आहे. पेल्यात प्रत्यक्ष काय आहे याची चौकशी तेव्हाही झाली नव्हती, आजही होत नाही.

ती चौकशी मूळ विधानापासून सुरू करू. सगळ्या चहांचे झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. हिरवा चहा करताना खुडलेल्या पानाला लवकरच वाफ देतात किंवा तापलेल्या कढईत परततात. त्या उष्णतेने पानातली विकरे निकामी होतात आणि पान जसे होते तसे जवळजवळ तिथेच थांबते. काळ्या चहासाठी पान थोडे सुकवून मग वळतात, किंवा सीटीसी यंत्राच्या दातेरी रुळांमधून चिरडतात. पेशी फुटतात, रसाला हवा लागते, रंग तांबूस तपकिरी होतो. पांढऱ्या चहात यातले काहीच नाही, हे पूर्वपक्षाचे म्हणणे खरे आहे. पान बांबूच्या चाळण्यांवर पातळ पसरतात आणि साधारण दीड ते तीन दिवस सुकू देतात. मग मंद आचेवर उरलासुरला ओलावा काढतात.

पण त्या दीड ते तीन दिवसांत पान स्वस्थ बसलेले नसते. विकरांना कोणी अडवलेले नाही, त्यामुळे ती कामाला लागतात. प्रथिने तुटून अमिनो आम्ले सुटी होतात, कच्च्या गवताचा वास उडून जातो, कॅटेचिने या नावाच्या द्रव्यांपैकी काही सावकाश हवेशी संयोग पावतात. हवा दमट पडली तर पान काळवंडते. फार भरभर वाळले तर कच्चेपणा आतच राहतो आणि चहा गवताचा लागतो. चीनच्या फुजियान प्रांतातल्या फुदिंग आणि झेंगहे या भागांत या चहाचे कारागीर चाळण्या उन्हात किती वेळ ठेवायच्या आणि सावलीत कधी घ्यायच्या, हे त्या दिवसाची हवा पाहून ठरवतात. फुदिंगच्या या कौशल्याला चीनने २०११ मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. २०२२ मध्ये युनेस्कोने चिनी चहानिर्मितीची जी कौशल्ये मानवतेच्या वारशात नोंदवली, त्यांतही ते आहे. काहीच न करण्याला कोणी वारसा म्हणून नोंदवत नाही.

पायऱ्या थोड्या आहेत, म्हणून प्रक्रिया थोडी, हा साधा हेत्वाभास आहे. पानात काय काय घडले हे पाहिले तर हिरव्या चहापेक्षा पांढऱ्यात कितीतरी अधिक घडलेले असते. आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा याच्या पुढचा आहे. मंद सुकवणीने हे बदल थंडावतात, पण पुरते थांबत नाहीत. ओलावा, ऊब आणि हवा मिळाली की ते पुन्हा चालू लागतात. म्हणजे पुडके तुमच्या घरी येते तेव्हा काम संपलेले नसते. साठवण ही या चहाच्या बनावटीचीच शेवटची पायरी आहे आणि ती कारागिराच्या हातात नसून तुमच्या हातात आहे. 'काहीच न केलेला' म्हणणारा पक्ष नेमकी हीच गोष्ट नजरेआड करतो.

आता रंगावरून कॅफिन ओळखण्याची रीत. फिका चहा निरुपद्रवी, या समजाला आपल्याकडे मोठे वडीलधारे पाठबळ आहे. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात उकळलेल्या चहाला त्यांनी दोष दिला तो टॅनिनमुळे, म्हणजे कातडे कमावायला वापरतात त्या द्रव्यामुळे. मात्र चाळणीतल्या पत्तीवर नुसते उकळते पाणी ओतून पाण्याला जेमतेम सोनेरी छटा आली, तर तेवढ्या चहाला त्यांचा आक्षेप नव्हता. टॅनिनपुरते हे निरीक्षण बरोबर आहे: पत्ती पाण्यात कमी वेळ राहिली की ते कमी उतरते. पण तेच तर्कशास्त्र कॅफिनला लावता येत नाही, कारण कॅफिनला रंगच नाही. चहाचा तांबडेपणा थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन या द्रव्यांचा असतो, आणि ती पान चिरडल्यावर, हवा लागल्यावर तयार होतात. पांढऱ्या चहात ती फारशी तयार झालेली नसतात, म्हणून पेला फिका. कॅफिन मात्र पानात होते तिथेच असते.

झाडाच्या बाजूने पाहिले तर हिशेब उलटाच निघतो. कॅफिन हे किडींपासून बचावाचे झाडाचे शस्त्र. ते झाड सर्वांत जपायच्या भागात, म्हणजे कोवळ्या शेंड्यात जास्त ठेवते. कळीत आणि पहिल्या पानात भरपूर, खालच्या पानांत कमी, देठात त्याहून कमी. तेव्हा नुसत्या कळ्यांचा, सर्वांत महाग, सर्वांत 'सोवळा' चहा वजनाला वजन कॅफिनमध्ये मागे असण्याचे कारण नाही. पुढे असण्याचेच आहे. पेल्यात किती उतरेल हे पत्तीचे वजन, पाण्याची उष्णता आणि वेळ यांवर ठरते. न वळलेल्या, लव असलेल्या कळीतून ते सीटीसीच्या भुकटीपेक्षा सावकाश उतरते, इतके पूर्वपक्षाला देता येईल. पण हा चहा पिणारे तीच पत्ती तीन-चारदा भिजवतात, तेव्हा तो फायदाही फार टिकत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरले आहे आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. पांढरा चहा पिणाऱ्याने स्वतःला या हिशेबाबाहेर समजू नये. झोपेची तक्रार असलेल्या आजोबांना रात्रीच्या जेवणानंतर मोठ्या कौतुकाने तो देणे तर बंदच करावे.

गुणकारीपणाचा दावा कुठून आला हे पाहणे उद्बोधक आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 'म्युटेशन रिसर्च' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. साल्मोनेला जिवाणूंवरच्या चाचणीत त्यांनी तपासलेल्या पांढऱ्या चहाने हिरव्यापेक्षा उत्परिवर्तन अधिक रोखले होते. प्रयोगात खोट काढायचे कारण नाही. पण तो जिवाणूंवर होता आणि ठरावीक नमुन्यांपुरता होता. तिथून जाहिरातीपर्यंतच्या वाटेत जिवाणू गळाले, नमुने गळाले आणि 'पांढरा चहा हिरव्यापेक्षा श्रेष्ठ' एवढेच उरले. पुढे २०१० मध्ये 'जर्नल ऑफ फूड सायन्स'मध्ये अनेक पांढऱ्या आणि हिरव्या चहांची तुलना आली. तिच्यात पाण्यात उतरणाऱ्या कॅटेचिनांचे प्रमाण पांढऱ्यांतल्या पांढऱ्यांत आणि हिरव्यांतल्या हिरव्यांतही दहापटीहून अधिक खालीवर निघाले. अमुक प्रकारात कॅटेचिने जास्त, तमुक प्रकारात कमी, अशी उतरंड लावणे निर्णायक ठरत नाही, असेच त्या संशोधकांनी लिहिले. म्हणजे 'पांढरा' या एका शब्दावरून पेल्यातला गुण ठरत नाही. कोणत्या झाडाचा, कुठला, कधीचा, हे विचारावे लागते.

आणि कॅटेचिने भरपूर आहेत हा दावा मान्य केला, तरी त्याचे दुसरे टोकही पदरात घ्यावे लागते. हीच द्रव्ये अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी असे त्याच राष्ट्रीय सूचनांत म्हटले आहे. रक्त कमी असलेल्या बाईने जेवणावर लगेच पांढरा चहा घेतला, तर तो पांढरा आहे म्हणून लोह त्याला सूट देणार नाही.

निवडीकडे वळू. चिनी परंपरेत पांढऱ्या चहाचे चार मुख्य दर्जे: 'बाई हाओ यिन झेन' म्हणजे नुसत्या कळ्या, 'बाई मु दान' म्हणजे कळीबरोबर एक-दोन पाने, आणि 'गोंग मेई' व 'शोउ मेई' म्हणजे पानांचा भरणा अधिक. किंमत याच क्रमाने उतरते, म्हणून चवही याच क्रमाने उतरते असे धरले जाते. किंमत मुख्यतः मजुरीची आणि हंगामाची असते. नुसत्या कळ्या वसंतातल्या थोड्या दिवसांत मिळतात आणि एकेक खुडाव्या लागतात. त्यांचा चहा गोडसर, नाजूक आणि अंगाने हलका असतो. ज्याची जीभ वर्षानुवर्षे आल्या-वेलदोड्याच्या चहावर वाढली, त्याला तो पहिल्या घोटात गरम पाण्यासारखाच वाटणार. त्याच्यासाठी कळी आणि पाने असलेला चहा चांगला, कारण चवीचा भरीवपणा पानातून येतो. मी तर नवख्याला नुसत्या कळ्यांचा चहा घेऊच नका असे सांगतो. पैसे जातात आणि मन कायमचे उडते.

फुजियानचाच हवा असेही नाही. दार्जिलिंग, निलगिरी आणि आसामातले मळे पांढरा चहा करतात, आणि आपल्यापर्यंत तो कमी हातांतून, कमी महिन्यांत पोचू शकतो. दार्जिलिंग हे देशातले पहिले भौगोलिक मानांकन मिळालेले नाव, त्यामुळे पुडक्यावर त्याची खूण पाहावी. पण 'व्हाइट टी' या अक्षरांवर विसंबू नये. काळ्या आणि हिरव्या चहासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची पूर्ण मानके आहेत. पांढऱ्यासाठी तिने २०१३ मध्ये जे काढले तो व्याख्येविषयीचा तांत्रिक अहवाल होता. नावाच्या आड बरेच काही खपते, ते यामुळे. पुडक्यावर मळ्याचे नाव, खुडणीचा महिना आणि वर्ष, पॅकिंगची तारीख, अन्न परवान्याचा क्रमांक एवढे असावे. खुडणी आणि पॅकिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन वर्षांपूर्वीचे पान काल पुडीत भरले तरी पॅकिंगची तारीख कालचीच पडते.

पुडी उघडल्यावर कळ्या अखंड, रुपेरी-करड्या आणि लव असलेल्या दिसाव्यात; पाने असतील तर ती करडी-हिरवी ते फिकट तपकिरी, एकाच पुडीत थोडी वेगवेगळ्या छटांची. सगळे एकजात काळपट असेल, तळाशी भुगा साचलेला असेल, किंवा पान बोटांत धरल्यावर कडकन मोडण्याऐवजी वाकत असेल, तर माल परत करावा. वास सुकल्या गवताचा, फुलांचा, किंचित मधाचा यावा. चमेली-गुलाबाचा दरवळ आला तर तो बहुधा वरून दिलेला असतो.

इथे कडक चहावाल्यांच्या आक्षेपालाही उत्तर द्यायला हवे, कारण तोही एक पक्ष आहे: 'यात चव कुठे आहे?' चव नसते कारण पत्ती नसते. सीटीसीचा चमचा भरला की अडीच-तीन ग्रॅम पत्ती येते; पांढऱ्या चहाची पाने इतकी फुगीर की त्याच चमच्यात ग्रॅमभरही मावत नाही. चमच्याने मोजणारा माणूस नकळत तिसऱ्या हिश्शाचा चहा करतो आणि चहाला नावे ठेवतो. एकदा तरी वजनकाट्यावर तीन ग्रॅम मोजून ते किती दिसतात हे पाहून ठेवावे. दीडशे-दोनशे मिलिलिटर पाण्याला तेवढे लागतात. पाणी किती तापवायचे याचा मात्र उगाच बाऊ झाला आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते. उकळी आल्यावर गॅस बंद करून, कळ्यांसाठी चार-पाच मिनिटे आणि पानांसाठी एखाद-दोन मिनिटे थांबून ओतले की झाले.

पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. मलिक अंबरच्या नहरींचा वारसा सांगणाऱ्या या शहराला आज जायकवाडीचे पाणी दिवसांच्या अंतराने मिळते आणि मधल्या दिवसांत घरोघर बोअर चालू होते. काळ्या बेसॉल्टातले हे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. नळाच्या तोंडाशी बसणारे पांढरे क्षार कोणीही पाहिलेले आहेत. चहावर जी तेलकट दिसणारी साय धरते, ती पाण्यातल्या कॅल्शियमच्या आणि बायकार्बोनेटच्या साहाय्याने चहातलीच द्रव्ये हवेशी संयोग पावून तयार होते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या स्पायरो आणि जगन्यी यांनी १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये ते मांडले. दुधाच्या चहात हे खपून जाते. पांढऱ्या चहात लपायला जागा नाही; बोअरच्या पाण्यात तो मंद, खडूसारखा आणि करडा होतो. उलट आरओ यंत्राने टीडीएस अगदी तळाला नेलेले पाणीही चहाला पोकळ करते. दोन्ही मिसळून शंभरच्या आसपासचा टीडीएस ठेवला तर बरा. महागड्या कळ्या घेण्याआधी पाण्याची सोय करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता शेवटच्या, सर्वांत लाडक्या सिद्धान्ताकडे येऊ. पहिल्या वर्षी चहा, तिसऱ्या वर्षी औषध, सातव्या वर्षी खजिना, अशी चिनी विक्रेत्यांची एक म्हण आता आपल्याकडेही फिरू लागली आहे. जुने तूप आणि जुना गूळ यांना आयुर्वेदात मान असल्यामुळे मराठी मन ती चटकन स्वीकारते. पण एकाच पुडक्यावर 'कॅटेचिने सर्वाधिक' आणि 'जुना तितका उत्तम' ही दोन्ही वाक्ये एकत्र नांदू शकत नाहीत. साठवणीत कॅटेचिने कमी होत जातात. ती टिकली तर चहा मुरला नाही, आणि चहा मुरला तर ती टिकली नाहीत. याला वदतोव्याघात म्हणतात.

मुरणे ही गोष्ट थोतांड नाही. चिनी संशोधकांनी २०१८ मध्ये 'जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल अँड फूड केमिस्ट्री'त दाखवले की पांढरा चहा वर्षानुवर्षे ठेवला की कॅटेचिने आणि थिॲनिन हे अमिनो आम्ल यांच्यापासून नवी संयुगे तयार होतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून चहाचे वय ताडता येते. चव खजूर-सुक्या मेव्याकडे झुकते, रंग गडद होतो, तुरटपणा जातो. ज्याला ती चव आवडते त्याने जुना चहा जरूर प्यावा. मात्र जुनेपणा हा गुण आपोआप येत नाही. जुना तांदूळ चांगला म्हणून कोणी भिजलेले पोते वर्षभर ठेवत नाही. आधी तो खडखडीत वाळलेला आणि कोरड्या जागी राखलेला असावा लागतो. चहाचेही तसेच. चीनच्या २०१७ च्या मानकात पांढऱ्या चहाचा कमाल ओलावा ८.५ टक्के ठरवला आहे. त्याच्या बराच वर गेलेले पान मुरत नाही, त्याला बुरशी लागते.

यावर पूर्वपक्षाचा एक चांगला आक्षेप असा की फुदिंग तर समुद्राकाठचे, आपल्यापेक्षा कितीतरी दमट. तिथे चहा मुरतो तर इथे का नाही? उत्तर असे की तिथेही तो मोकळ्या हवेवर मुरत नाही. कारागीर तो आत ॲल्युमिनियमची पिशवी, तिच्यावर प्लास्टिकची आणि बाहेर जाड पुठ्ठ्याचे खोके, अशा तिहेरी बंदोबस्तात ठेवतात. तिथल्या हवेने नव्हे, त्या बंदोबस्ताने चहा टिकतो.

आणि आपली हवा? 'मराठवाडा कोरडा, इथे कशाला काही होतंय,' असे घराघरांत बोलले जाते. बाहेरच्या हवेपुरते ते एप्रिल-मेमध्ये खरे. पण त्याच दिवसांत घरात कूलर चालतो. कूलर म्हणजे पाण्यावरून ओढलेली हवा. ज्या खोलीत तो फिरतो तिथली दुपार बाहेरच्या कोरड्या दुपारपेक्षा कितीतरी ओली असते, आणि त्याला वाळ्याच्या ताट्या असतील तर वाळ्याचा वासही सोबत येतो. चहाचे पान ओलावा आणि वास दोन्ही हावरटासारखे ओढते. म्हणजे मे महिन्यात बाहेर रखरखाट आणि बरणीत दमटपणा, असे या शहरात सहज होते. गच्चीखालच्या स्वयंपाकघरात उष्णता वेगळीच. तिथे वरच्या फळीवरचा चहा महिन्या-दोन महिन्यांत सुगंध घालवून बसतो. मग जून उजाडतो. जुलै-ऑगस्टच्या सकाळी हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाते, आणि सत्तरच्या वर दीर्घकाळ राहिलेली हवा बुरशीला पुरते.

आमच्याकडच्या साठवणीच्या रीतीही या चहाच्या मुळावर येतात. वर्षाचे तिखट, काळा मसाला, येसर उन्हाळ्यात करून ठेवायचे, बरणीत हिंगाचा खडा टाकायचा, धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालायचा: धान्याला आणि मसाल्याला हे सगळे योग्यच आहे. पण त्याच कपाटात पांढरा चहा ठेवला की श्रावणापर्यंत त्याला येसराचा वास लागतो. देवघराजवळ ठेवला तर उदबत्तीचा, कपड्यांच्या कपाटात जपून ठेवला तर डांबराच्या गोळ्यांचा. काचेची बरणी दिसायला सुंदर, पण प्रकाश आत सोडते. फ्रीज वाईट नाही. मात्र त्यात पुडी हवाबंद हवी आणि बाहेर काढल्यावर ती खोलीइतकी ऊबदार होईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर बाहेरची ओली हवा थंड पानावर दव होऊन बसते. रोज काढणे-ठेवणे होणार असेल तर फ्रीज नकोच.

मग करावे काय? वर्षभरात पिण्याचा चहा पन्नास ग्रॅमच्या वर एकदम घेऊ नये. घेतल्यावर त्याच्या दोन-तीन फॉइलच्या पुड्या कराव्या, हवा दाबून काढावी, तोंड घट्ट दुमडून किंवा इस्त्रीने चिकटवून त्या पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवाव्या. हे काम कोरड्या दिवशी करावे, आणि उन्हाळ्यात करायचे तर कूलर बंद असताना. डब्याची जागा गॅसपासून दूर, आतल्या भिंतीला, खालच्या कप्प्यात. पावसाळ्यात एकच पुडी उघडी असावी, बाकीच्या दसऱ्यापर्यंत हलवू नयेत. ज्याला मुरवण्याची हौसच आहे त्याने कळ्यांचा चहा त्यासाठी घालवू नये. 'शोउ मेई'सारखा पानांचा, दाबून वडी केलेला चहा घ्यावा, मूळ कागदासकट हवाबंद करावा आणि वर्षातून एकदा, हिवाळ्यात, उघडून वास घ्यावा. पान मऊ पडलेले दिसले की आपण सवयीने ते उन्हात घालतो. त्याने ओलावा जातो, सुगंधही जातो, आणि बुरशी लागलेली असेल तर तिची विषे मात्र राहू शकतात. कुबट वास आलेला चहा, कितीही महाग असला तरी, झाडाच्या कुंडीतच टाकावा.

दुकानदारांनाही एक सांगणे आहे. तुमच्या काचेच्या उजळ फळीवर, दिव्याखाली महिनोन्महिने उभे असलेले पुडके गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर कितीही जपले तरी सुधारणार नाही. ते आतल्या बंद कपाटात ठेवा आणि खुडणीचा महिना पुरवठादाराकडून लिहून घ्या. आणि वाचकहो, पुढच्या वेळी पांढरा चहा घ्यायला जाल तेव्हा त्यात काय काय केलेले नाही ते ऐकत बसू नका. तो कोणत्या महिन्यात खुडला आणि तेव्हापासून कुठे ठेवला होता, एवढे विचारा. उत्तर मिळाले नाही तर पुडके तिथेच ठेवून या.